बंद पडद्यावरचे समाजमाध्यम

माझ्या लॅपटॉपचा पडदा बहुतेक वेळ काळा असतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच आहे, आणि ज्याला पडदा दिसत नाही त्याने तो उजळ ठेवून आपले खासगी निरोप ओसरीवर बसलेल्या मंडळींना का वाचू द्यावेत, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. येणारा-जाणारा मात्र हमखास थबकतो आणि विचारतो, "काहून भाऊ, लाइन गेली काय?" त्या वेळी मी कदाचित त्याच्याच मुलाने फेसबुकवर टाकलेली वाढदिवसाची पोस्ट ऐकत असतो.

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका लहान गावात मी राहतो. अमरावतीला अंध विद्यालयात शिकून परतल्यावर भावासोबतच्या संत्र्याच्या बागेचा हिशेब, कर्जाची कागदपत्रे आणि निम्म्या नातेवाइकांचे ऑनलाइन अर्ज हे सगळे मी संगणकावर सांभाळतो. अंध माणूस संगणक वापरतो याचे गावाला आता नवल राहिलेले नाही. पण तो फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर नेमके काय करतो, त्याला तिथे काय मिळते, हा प्रश्न अजूनही कुतूहलाने विचारला जातो. त्याचे उत्तर पारावर उभ्या उभ्या देता येण्याजोगे नाही, म्हणून ते इथे लिहितो आहे.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. मी वापरतो त्याचे नाव एनव्हीडीए. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतले, त्याचा तितकाच अंध मित्र जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, आणि २००७ मध्ये दोघांनी एनव्ही ॲक्सेस ही संस्था स्थापन केली. त्या काळी चांगला स्क्रीन रीडर विकत घेणे म्हणजे संगणकाहून अधिक पैसे त्याच्यावर खर्च करणे होते. जॉज हे जुने आणि दमदार सॉफ्टवेअर आजही अनेक कार्यालयांत वापरले जाते, परंतु त्याचा परवाना कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने घ्यावा अशी त्याची किंमत कधीच नव्हती. एनव्हीडीए मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर टाकून खिशात नेता येते. तालुक्याच्या सेतू केंद्रातल्या परक्या संगणकावर ती चालवली की तो संगणक बोलू लागतो. त्याच्या सोबत येणारा, ईस्पीक या मजकुराचा आवाज करणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज रुक्ष आहे, यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर अडखळतो, आणि गावातल्या पोरांना तो ऐकून हसू फुटते. पण तो आकाराने अगदी लहान, जुन्या संगणकावरही तत्काळ उत्तर देणारा आणि कितीही वेगाने बोलवला तरी न अडणारा आहे. गोड आवाज पाहुण्यांना ऐकवण्यासाठी ठीक असतो. दिवसभर कामाला हाच लागतो.

स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही, ही गोष्ट डोळस माणसाला आधी समजावून सांगावी लागते. ब्राउझर त्याच्या हाती पानाची एक रचना देतो, ज्यात प्रत्येक वस्तूचा प्रकार, तिचे नाव आणि तिची स्थिती नोंदलेली असते: हे शीर्षक आहे, हा दुवा आहे, ही लिहिण्याची चौकट आहे, हे बटन आहे आणि ते दाबलेले आहे. त्या रचनेतून मी कळफलकावरून चालत जातो. एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढचा दुवा, बी दाबले की पुढचे बटन. रचना करणाऱ्याने बटनाला नाव दिले नसेल तर मला नुसते "बटन" ऐकू येते, त्याच्या शेजारी "बटन", आणि त्याच्याही पुढे "बटन". यातले कोणते आवड नोंदवते आणि कोणते त्या माणसाला कायमचे अवरोधित करते, हे दाबल्याशिवाय कळायला मार्ग नसतो. त्याहून वाईट म्हणजे बटनासारखी दिसणारी पण रचनेत बटन म्हणून नोंदलेली नसणारी रंगीत चौकट, कारण ती माझ्यासाठी अस्तित्वातच नसते.

समाजमाध्यमांची पाने या दृष्टीने सर्वांत अवघड असतात, आणि त्याचे कारण त्यांच्या स्वभावातच आहे. वर्तमानपत्राचे पान एकदा उघडले की स्थिर राहते. समाजमाध्यमाचे पान वाचता वाचता खालून वाढत जाते, मधूनच वरून नवे काही येऊन आदळते, आणि ऐकणाऱ्याचे बोट जिथे होते ते ठिकाणच सरकते. एका पोस्टभोवती लेखकाचे नाव, त्याचे चित्र, वेळ, कोणाला दिसेल याची खूण, तीन ठिपक्यांचे बटन, प्रतिक्रियांची संख्या, शेअरची संख्या, टिप्पणीची चौकट आणि त्या चौकटीतली चार-पाच बटने असा लवाजमा असतो. डोळा तो एका क्षणात ओलांडतो, कानाला मात्र एकेक पायरी उतरावी लागते. एका मोठ्या संकेतस्थळावर तर जाहिरात अडवणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी "प्रायोजित" या शब्दाची अक्षरे मुद्दाम विखरून ठेवलेली असत. त्या दोघांच्या भांडणात माझ्या कानावर अक्षरांचा निव्वळ चुरा पडत असे. म्हणूनच फेसबुकची जुन्या, साध्या मोबाइलसाठी केलेली हलकी आवृत्ती अंध वापरकर्त्यांत फार प्रिय होती, जरी ती आमच्यासाठी केलेली नव्हती. तिच्यात चमकदार काही नव्हते, आणि तेच आम्हाला हवे होते.

यातूनच वेगळ्या क्लायंटची, म्हणजे तेच खाते आपल्या पद्धतीने वापरू देणाऱ्या बाहेरच्या सॉफ्टवेअरची, कल्पना आली, आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. ट्विटरने सुरुवातीच्या काळात आपली माहिती बाहेरच्या सॉफ्टवेअरला घेता येईल अशी वाट उघडी ठेवली होती. त्या वाटेने अंध प्रोग्रामरांनी आधी क्विटर आणि पुढे मान्युएल कोर्तेझ यांनी टीडब्ल्यूब्लू अशी साधने तयार केली, ज्यांना पान नाही, चित्र नाही, जाहिरात नाही, आणि हवे असेल तर खिडकीसुद्धा नाही. विंडोजची कळ, तिच्या जोडीला आणखी एखादी कळ आणि बाण एवढ्यावर सगळे चालते. वर-खाली बाण दाबला की एक ट्विट मागे किंवा पुढे, डावीकडे-उजवीकडे दाबला की एक कप्पा सोडून दुसरा: मुख्य ओघ, माझा उल्लेख, खासगी निरोप, आवडती. नवीन काही आले की बारीक आवाज होतो, आणि उल्लेखाचा आवाज वेगळा, खासगी निरोपाचा वेगळा, त्यामुळे कशासाठी थांबायचे आणि कशाकडे दुर्लक्ष करायचे हे कान परस्पर ठरवतो.

ही गंमत एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, ट्विटरच्या त्या दिवसांत मी बागेच्या हिशेबाची वही स्प्रेडशीटमध्ये उघडून फवारणीचा खर्च टाकतो आहे. स्प्रेडशीट न सोडता, तिच्यातला माझा चौकोन न हलवता, मी त्या कळा दाबतो आणि नागपूरच्या एका मित्राचे ट्विट ऐकतो. पटले नाही तर उत्तराची कळ दाबतो, एक छोटी चौकट उघडते, त्यात इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या पद्धतीने मराठी टंकित करतो, एंटर दाबतो, चौकट मिटते, आणि मी पुन्हा फवारणीच्या खर्चावर असतो. डोळस माणसाला यासाठी एक पान सोडून दुसरे उघडावे लागते, आणि तिथे गेला की तो चार गोष्टींत अडकतो. निदान या एका बाबतीत माझी सोय त्याच्याहून चांगली होती, आणि हे मी कुरकुरीच्या सुरात सांगत नाही, फुशारकीच्याच सुरात सांगतो. १४० अक्षरांची ती जुनी मर्यादाही कानाला सोयीची होती. २०१७ मध्ये ती २८० झाली तेव्हा पुष्कळांना आनंद झाला, मला झाला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या क्लायंटना मनाई केली आणि त्याच वर्षी आपली मोफत वाटही बंद केली. कंपनीतला सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही वापरता यावे याचे, काम पाहणारा गट त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ च्या कपातीत गेला होता. अंधांनी अंधांसाठी बांधलेली ही साधने त्या वर्षात ट्विटरपुरती निकामी झाली. त्यांच्यात बिघाड नव्हता, पण मालकाने कुलूप बदलले की भाडेकरूच्या किल्लीचा दोष काढता येत नाही. टीडब्ल्यूब्लू आज मॅस्टोडॉनवर चालते. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले हे जाळे कोणा एका कंपनीचे नाही; अनेक लहान-मोठे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या समान नियमाने एकमेकांशी बोलतात, आणि हा नियम डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून स्वीकारला आहे. बाहेरच्या क्लायंटसाठीची वाटही तिथे उघडी आहे, आणि ती एकट्याच्या मर्जीने बंद करता येईल असा मालकच नाही. शिवाय चित्र टाकताना त्याचे वर्णन लिहिण्याची रीत तिथे चांगली रुजली आहे. वर्णन लिहिले नाही तर पोस्ट जाण्याआधी आठवण करून द्यावी, अशीही सेटिंग आहे.

केवळ अंधांसाठी वेगळे समाजमाध्यमच उभारावे, असाही एक मार्ग काहींनी धरला. पोलंडमध्ये आधी क्लँगो आणि नंतर दाविद पीपर यांचे एल्टन अशी सॉफ्टवेअर तयार झाली, ज्यांत निरोप, चर्चा, अनुदिनी (ब्लॉग), आवाजी गप्पा असे सगळे आहे आणि पहिल्या कळीपासून शेवटच्या कळीपर्यंत सर्व काही कानासाठी घडवलेले आहे. अशा ठिकाणी नवखा अंध माणूस लवकर रुळतो, स्क्रीन रीडरच्या अडचणी तिथे न लाजता विचारता येतात, आणि कोणीही "तुम्हाला हे कसे जमते हो?" असे विचारत नाही, हे सुख मी कमी लेखत नाही. तरीही माझे मत या मार्गाच्या विरुद्ध आहे. माझा मावसभाऊ, माझा व्यापारी, माझी ग्रामपंचायत आणि शाळेतले माझे जुने डोळस सोबती तिथे येणार नाहीत. मला त्यांच्याच गर्दीत शिरायचे आहे, फक्त शिरण्याची वाट माझ्या कळफलकाला मानवेल अशी हवी. याच कारणासाठी मॅस्टोडॉनबद्दलचा माझा उत्साहही गावाच्या वेशीपाशी संपतो. आमचे गाव व्हॉट्सॲपवर आहे.

आमच्या गावात पूर्वी कोतवाल डफडे वाजवत दवंडी देत असे. ग्रामसभा केव्हा, नळ कोणत्या दिवशी येणार नाही, लसीकरण कोणत्या शाळेत, हे सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मोठ्याने सांगितले जाई, आणि ते माझ्या आजोबांना जितके कळे तितकेच मलाही कळे. किंबहुना मला थोडे आधी, कारण डफड्याचा आवाज मी दुरून ओळखत असे. आता ग्रामपंचायतीचा गट आहे आणि त्यावर सूचना येते ती सूचनाफलकाच्या फोटोच्या रूपात. कोणीतरी संगणकावर ती सूचना टंकित केलेली असते, म्हणजे अक्षरे एकदा तयार झालेली असतात. मग ती छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो, मोबाइलने तिचा फोटो निघतो, आणि तो फोटो गटावर येतो. माझा स्क्रीन रीडर त्यावर एकच शब्द बोलतो: "फोटो". त्याच्याखाली वीस-पंचवीस जोडलेले हात येतात, कारण सरपंचांच्या सूचनेला नमस्कार केलाच पाहिजे, आणि एनव्हीडीए २०१८ पासून इमोजींची नावे इमानाने वाचत असल्याने ते सगळे हात मला एकेक करून ऐकावे लागतात. सूचना कशाची होती हे मला कळत नाही, पण तिला कोणी कोणी नमस्कार केला हे तोंडपाठ होते.

संत्र्याच्या भावाचे तेच. आंबिया बहार तोडणीला आला की दररोज सकाळी व्यापाऱ्यांच्या गटावर भाव येतो, आणि तो तक्त्याच्या फोटोत असतो. लहान फळ, मोठे फळ, कालचा भाव, आजचा भाव, आवक, असे पाच-सहा रकाने. आणि ज्याच्यावर आमच्या घरचा वर्षाचा हिशेब अवलंबून आहे तो आकडा त्यातल्या एका चौकोनात. छापील मराठी मजकूर फोटोतून ओळखणारी साधने आता बरीच सुधारली आहेत हे खरे, आणि सरळ धरलेला, स्वच्छ उजेडातला फोटो असेल तर ती बहुतेक शब्द बरोबर सांगतात. तक्त्यात मात्र रकाना सरकतो. आजच्या भावाच्या जागी कालचा भाव ऐकू येतो, आणि दोन्ही आकडे तितकेच खरे वाटत असल्यामुळे चूक झाली आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून अशा आकड्यावर मी व्यवहार करत नाही. सरळ फोन करतो. अडत्याही आता ओळखीचा झाला आहे. "अहो, गटावर टाकला ना भाव!" असे तो आधी म्हणत असे, हल्ली फोन उचलताच आकडा सांगतो.

मजकूर अक्षरांत आला तरी तो वाचला जाईलच असे नाही. कृतिदेव, शिवाजी आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत केलेल्या पीडीएफ अजून फिरतात. त्या फॉन्टांत आत रोमन अक्षरेच असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. डोळ्याला शुद्ध मराठी दिसते, स्क्रीन रीडर मुखवट्यामागचे वाचतो, आणि शासनाच्या योजनेची माहिती "एल कंस डी स्वल्पविराम" अशी कानावर येते. तरुण मंडळी रोमन लिपीत मराठी लिहितात. तिला इंग्रजी आवाज इंग्रजी समजून वाचतो आणि "कसा आहेस" हे साहेबाने शिवी दिल्यासारखे ऐकू येते. सवयीने मला त्यातले बरेचसे उमगते. नटवलेल्या अक्षरांतली नावे मात्र उमगत नाहीत. गणितातल्या ठळक-तिरप्या चिन्हांतून जोडलेले, दोन्ही बाजूंना नक्षी लावलेले नाव घेणारे तीन-चार जण आमच्या तालुक्याच्या गटावर आहेत. माझ्या लेखी ते सगळे निनावी आहेत.

या सगळ्यात व्हॉट्सॲपने २०१३ मध्ये आणलेला आवाजी निरोप ही मला सर्वांत मोठी सोय वाटते, आणि ती अंधांसाठी म्हणून केलेली नव्हती हे विशेष. गावातली पुष्कळ माणसे लिहायचा कंटाळा करतात किंवा त्यांना लिहिताच येत नाही. ती बटन दाबून बोलतात. माझी मोठी काकू शाळेत गेली नाही. तिला सूचनेचा फोटो जितका निरुपयोगी तितकाच मलाही, आणि आवाजी निरोप आम्हा दोघांनाही सारखाच पोहोचतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाकडे मी जी मागणी केली ती "मी अंध आहे" म्हणून केली नाही. काकूला पुढे केले. आधी टंकित केलेला मजकूरच गटावर चिकटवावा, हवा तर फोटोही टाकावा, आणि महत्त्वाचे असेल तर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप द्यावा. "त्याले काय लागते, देतो ना टाकून," असे तो म्हणाला, आणि निम्म्या वेळा खरोखरच टाकतो. उरलेल्या निम्म्या वेळा मी गटावर लिहितो, "सूचना कशाची आहे?" हा प्रश्न केवळ मलाच पडतो असे मला वाटत होते, पण त्याखाली इतरही दोघे-तिघे "हो, आम्हालाही फोटो उघडला नाही" असे लिहितात. रेंज नसलेल्या शेतात उभ्या असलेल्या माणसालाही फोटोपेक्षा चार ओळी आधी पोहोचतात.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी टेलिग्राम हे दुसरे गाव आहे. तिथे एक तांत्रिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. संगणकावरचे टेलिग्रामचे मूळ सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरशी फारसे बोलत नसे, तर युनिग्राम हे विंडोजसाठीचे मुक्तस्रोत क्लायंट त्याच खात्यावर, त्याच निरोपांसह व्यवस्थित बोलते. ट्विटरच्या जुन्या दिवसांतला न्याय इथे अजून शिल्लक आहे: कंपनीने वाट उघडी ठेवली, म्हणून दुसऱ्या कोणाला चांगले दार बसवता आले. आमच्याच जिल्ह्यात वझ्झरच्या आश्रमात शंकरबाबा पापळकरांनी वाढवलेली माला पापळकर ही दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हापासून तालुक्यातले अंध विद्यार्थी अभ्यासाच्या गटांबद्दल विचारायला माझ्याकडे अधिक येऊ लागले. त्यांना मी पहिली गोष्ट युनिग्राम बसवून देतो. प्रश्नपत्रिकांच्या फोटोंवर मात्र माझ्याकडेही उपाय नाही.

चित्र सांगण्याचे काम यंत्राकडे देण्याचा प्रयत्न नवा नाही. फेसबुकने एप्रिल २०१६ मध्ये चित्रातल्या वस्तू ओळखून आपोआप वर्णन देणे सुरू केले. त्यांच्याकडच्या त्या कामात मॅट किंग हे अंध अभियंते होते. सुरुवातीची ती वर्णने "चित्रात असावेत: दोन माणसे, हसरे चेहरे, झाड, बाहेर" अशी असत. त्याच वर्षी ट्विटरने चित्राला वर्णन जोडण्याची सोय दिली. पुढे कॅमेऱ्यासमोरचे वर्णन करून सांगणारे मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय हे ॲप आले, आणि डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये सुरू झालेल्या बी माय आइज या ॲपने, ज्यात आधी डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर पाहून सांगत असत, २०२३ पासून तेच काम यंत्राकडूनही करून देणे सुरू केले. आजची यंत्रे भाच्याच्या साखरपुड्याच्या फोटोतला शालूचा रंग, मागची फुलांची कमान आणि कोपऱ्यात कंटाळून बसलेला मुलगा इतके सगळे सांगतात. कोण कोण आहे ते सांगत नाहीत, आणि साखरपुड्याच्या फोटोत मला तेवढेच हवे असते.

आमच्याच तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणीच दृष्टी गमावून बसले होते, आणि दुसऱ्यांच्या तोंडून ग्रंथ वाचून घेऊन, दुसऱ्यांच्या हातून लिहवून घेऊन त्यांनी चौतीस वर्षांच्या आयुष्यात केवढे ग्रंथभांडार निर्माण केले. गावात कोणी माझ्या स्क्रीन रीडरचे कौतुक केले की त्यांचे उदाहरण हमखास निघते, आणि ते निघावे यात मला अभिमानच आहे. परंतु शास्त्रग्रंथ दुसऱ्याने वाचून दाखवणे वेगळे आणि बँकेचा, डॉक्टरचा किंवा बायकोचा निरोप पुतण्याने वाचून दाखवणे वेगळे. पुतण्या मुलगा चांगला आहे. पण त्याला माझ्या कर्जाचा हप्ता थकल्याचे माझ्याआधी कळावे असे मला वाटत नाही, आणि एखाद्या पोस्टवर मी काय उत्तर देतो याला साक्षीदार असावा असेही वाटत नाही. भांडायचे झाले तरी ते एकट्याने भांडता आले पाहिजे. या सॉफ्टवेअरचे मला असलेले मोल मुख्यतः याच्यासाठी आहे. बातम्या काय, रेडिओवरही ऐकता येतात.

कायदा या बाबतीत आमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान सुगम असावे असे म्हटले आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला. खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावून दाखवा, अशी जी अट असते, तिच्यावरून ते प्रकरण उभे राहिले होते. २०११ च्या जनगणनेत देशात पाहण्याचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती ५० लाखांच्या घरात होत्या. तेव्हा हा निकाल मूठभरांपुरता नाही. मात्र ग्रामपंचायतीच्या गटावरचा फोटो न्यायालयाच्या निकालाने अक्षरांत बदलत नाही, तो टाकणाऱ्याच्या अंगठ्याने बदलतो.

म्हणून त्या अंगठ्यासाठी थोडे लिहितो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स (म्हणजे पूर्वीचे ट्विटर) या तिन्ही ठिकाणी चित्र टाकताना त्याला पर्यायी मजकूर जोडण्याची जागा आहे. ती चित्राच्या संपादनात किंवा प्रगत सेटिंगमध्ये सापडते, आणि तिथे लिहिलेले डोळस वाचकाच्या आड येत नाही. व्हॉट्सॲपवर तशी वेगळी जागा नाही, तेव्हा फोटोखालच्या ओळीतच लिहावे. वर्णन लांबलचक नको आणि अलंकारिक तर मुळीच नको. "निसर्गाची किमया" असे लिहिल्याने मला काही कळत नाही. "गारपिटीनंतर आमच्या बागेतल्या पूर्वेकडच्या ओळी, झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा" असे लिहिले की मी विम्याच्या फॉर्मबद्दल लगेच विचारू शकतो. माणसांचा फोटो असेल तर नावे डावीकडून उजवीकडे द्यावीत. तक्ता असेल तर वर्णन न करता आकडे टंकित करावेत. मजकुराचा फोटो असेल तर मूळ मजकूरच चिकटवावा, कारण तो तुमच्याकडे असतोच. लग्नपत्रिका असेल तर वधू-वरांची नावे, तारीख, मुहूर्त आणि कार्यालय एवढे पुरे. श्लोक आणि किलबिल मंडळींची यादी गाळली तरी चालेल. मात्र पत्रिकेच्या तळाशी "आहेर स्वीकारला जाणार नाही" असे छापले असेल, तर तेवढी ओळ कृपया गाळू नये.